दोन पॅनलांमधील रेघ : डेस्कटॉप प्रणालीतील दुभाजकाची घडण आणि कुवेतचा दोन दिशांचा पडदा

संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर दिवसभर काही रेघा असतात. ईमेलच्या खिडकीत एका कडेला फोल्डरांची यादी, मध्ये पत्रांची यादी आणि पलीकडे उघडलेले पत्र. या तिन्ही पॅनलांना वेगळे करणाऱ्या दोन रेघा. हिशेबाच्या प्रणालीत खात्यांची नावे आणि त्या खात्यांतील नोंदी यांच्यामधली एक रेघ. तिच्यावर माऊस नेला की कर्सरचे रूप बदलते, दोन्हीकडे टोके असलेला बाण दिसतो आणि बटण दाबून ओढले की एक पॅनल रुंदावते, दुसरे आक्रसते. या सरकत्या रेघेला स्प्लिटर, डिव्हायडर, सॅश अशी टूलकिटनुसार निरनिराळी नावे आहेत. रस्त्याच्या संदर्भात ‘दुभाजक’ हा शब्द मराठीत पक्का रुळलेला आहे. या लेखात तोच वापरला आहे.

दुभाजकाचे रूप हवे तसे बदलता येते. त्याची जाडी, रंग, पकडीचे ठिपके, कर्सर खाली असतानाची छटा, पॅनल मिटवण्याचा बाण, हे सारे प्रणाली लिहिणाऱ्याच्या हाती असते आणि काही प्रणालींत वापरणाऱ्याच्याही. बहुतेक वेळा हे काम शेवटच्या आठवड्यात, ‘दिसायला नीटनेटके’ एवढ्याच हेतूने उरकले जाते. कुवेतसारख्या देशात मात्र त्याचे परिणाम रोजच्या कामावर होतात. येथे सुमारे दहा लाख भारतीय राहतात. त्यांतील अनेकजण, आणि त्यांच्यात मराठी अभियंते, लेखापाल, औषधनिर्माते व संगणकतज्ज्ञही, ज्या पडद्यांसमोर बसतात ते पडदे दोन भाषांचेच नव्हेत तर दोन दिशांचे असतात. येथील छापील अर्जावर उजव्या कडेला अरबी आणि डाव्या कडेला इंग्रजी असते. पडद्यावर भाषा बदलली की सगळी मांडणीच आरशात पाहिल्यासारखी उलटते आणि मधली रेघ त्याबरोबर नीट उलटते की नाही, यावरून ती किती विचारपूर्वक घडवली होती हे कळते.

पूर्वपीठिका

पडद्याचे पॅनलांत विभाजन करण्याची कल्पना जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात स्मॉलटॉक ही प्रणाली घडली; तिच्यातील ‘ब्राउझर’ एका खिडकीत अनेक खण पाडून काम करी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १.० मध्ये (१९८५) खिडक्या एकमेकींवर न येता शेजारी शेजारी मांडल्या जात. पुढे १९९५च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले आणि त्यातील एक्सप्लोररने डावीकडे फोल्डरांचे झाड, उजवीकडे त्यातील फाइली आणि मध्ये सरकता दुभाजक ही मांडणी घरोघरी पोहोचवली. त्या काळच्या दुभाजकांना उठाव असे. एका कडेने उजळ, दुसरीने गडद. उंचवटा दिसला की हात आपोआप तिकडे जाई. पुढे सपाट रूपाची रीत आली, उठाव गेला आणि दुभाजक एका पिक्सेलच्या फिकट रेघेवर आला. आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या बदलात आहे.

कुवेतचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. मोहम्मद अल-शारेख या कुवेती उद्योजकाने १९८२ मध्ये कुवेतमध्ये अल-आलमिया ही कंपनी स्थापन केली. तिने ‘सख्र’ या नावाने एमएसएक्स पद्धतीचे अरबी संगणक बाजारात आणले. अरबी कळफलक, अरबी अक्षरे आणि उजवीकडून डावीकडे धावणारी ओळ घरच्या संगणकावर आणण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयत्न होता. ऑगस्ट १९९० मधील इराकी आक्रमणानंतर सख्रचे काम कैरोला हलले. अल-शारेख यांचे मार्च २०२४ मध्ये निधन झाले. अरबी ही संगणकाच्या पडद्यावर मागाहून चिकटवण्याची बाब नसून आरंभापासून विचारात घेण्याची बाब आहे, हा सख्रमागचा आग्रह आजच्या पॅनलांनाही लागू पडतो.

दुभाजकाची अंगे

रूप बदलण्यापूर्वी दुभाजकात काय काय असते ते वेगळे करून पाहावे.

पहिले अंग म्हणजे दिसणारी जाडी आणि दुसरे म्हणजे पकडता येणारी जाडी. या दोन्ही एकच असल्या पाहिजेत असे नाही आणि एकच मानल्याने बहुतेक घोटाळे होतात. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्यावर पोहोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि रुंदीवर अवलंबून असतो. एका पिक्सेलची रेघ डोळ्याला सुबक वाटते. पण तिच्यावर माऊस नेमका टेकवणे म्हणजे सुईत दोरा ओवणे होय. म्हणून दिसणारी रेघ बारीक आणि तिच्याभोवतीचा अदृश्य पकडपट्टा रुंद, ही जोडी उत्तम.

तिसरे अंग अवस्थांचे. दुभाजक स्थिर असताना, कर्सर वर आल्यावर, दाबून ओढत असताना आणि कळफलकाचा रोख त्यावर असताना, असे चार प्रसंग असतात. प्रत्येकाची छटा वेगळी हवी. चौथे अंग किमान मापाचे : पॅनल किती आक्रसू द्यायचे. पाचवे मिटण्याचे : ते पूर्ण दिसेनासे होऊ द्यायचे की नाही, आणि झालेच तर परत कसे आणायचे. सहावे वाटणीचे : खिडकी मोठी केली तर वाढीव जागा कोणत्या पॅनलला द्यायची. सातवे स्मृतीचे : उद्या प्रणाली उघडल्यावर रेघ आजच्या जागी असेल काय.

रंग आणि जाडी ही पहिल्या तीन अंगांची बाब आहे. उरलेली चार अंगे दिसत नाहीत. पण दिसणाऱ्या रूपाला अर्थ त्यांच्यामुळेच येतो. पकडीचे ठिपके काढले आणि ओढल्यावर रेघ हललीच नाही, तर ते रूप खोटे ठरते.

टूलकिटनिहाय पद्धती

क्यूटी : येथे ‘क्यूस्प्लिटर’ हा घटक वापरतात. त्याच्या ‘हँडल’ या उपघटकाला स्टाइलशीटमधून रंग, चित्र आणि जाडी देता येते. आडव्या व उभ्या मांडणीसाठी तसेच दाबलेल्या अवस्थेसाठी वेगळे नियम लिहिता येतात. जाडी शून्य किंवा एक ठेवली तर क्यूटी पकडपट्टा स्वतःहून शेजारच्या पॅनलांवर काही पिक्सेल पसरवते, ही मोठी सोय आहे. त्याहून वेगळे चित्र हवे असेल तर ‘क्यूस्प्लिटरहँडल’चा उपवर्ग करून रंगवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : मूळ मांडणीत पॅनल मिटण्याची मुभा चालू असते. किमान मापाच्या पलीकडे ओढले की पॅनल शून्यावर जाते आणि रेघ बारीक असेल तर ते गेले कुठे हे कळत नाही. ज्या पॅनलचे मिटणे परवडणारे नाही, त्यापुरती ही मुभा बंद करता येते.

जावा स्विंग : ‘जेस्प्लिटपेन’मध्ये दुभाजकाची जाडी, एका टिचकीत मिटवण्याचे बाण आणि ओढताना मजकूर सतत नव्याने मांडायचा की नुसती सावली दाखवायची, या तिन्हींसाठी तयार गुणधर्म आहेत. दुभाजकाचे चित्र ‘लुक अँड फील’ ठरवतो; ते बदलायचे तर मूळ यूआय वर्गाचा उपवर्ग करून स्वतःचा दुभाजक द्यावा लागतो. येथे दोन खाचखळगे आहेत. वापरणारा दुभाजक ओढतो तेव्हा आतील घटकांचे किमान माप पाळले जाते. ते माप मोठे असेल तर रेघ जागची हलत नाही आणि प्रणाली बिघडली असे वाटते. दुसरे, प्रमाणात दिलेली जागा, उदाहरणार्थ एक-तृतीयांश, खिडकी पडद्यावर येण्याआधी दिली तर तिचा उपयोग होत नाही.

डब्ल्यूपीएफ : ‘ग्रिडस्प्लिटर’ हा ग्रिडच्या एका स्तंभात किंवा ओळीत बसतो. त्याला स्वतंत्र स्तंभ द्यावा आणि संरेखन ‘स्ट्रेच’ करावे. मूळ आडवे संरेखन उजवीकडचे असल्याने ते तसेच सोडले तर नको ते पॅनल हलते. पार्श्वभूमीचा रंग थेट देता येतो. ठिपके, छटा, कडा यांसाठी कंट्रोल टेम्प्लेट लिहावे. बाणाच्या कळीने एका वेळी किती सरकावे हेही ठरवता येते. मूळ मूल्य १० आहे.

विंडोज फॉर्म्स : खाडीतील कार्यालयांत जुन्या हिशेबी व साठा-नोंदणी प्रणाली दीर्घकाळ चालतात, त्यामुळे हे टूलकिट अजून भेटते. ‘स्प्लिटकंटेनर’ची मूळ जाडी ४ पिक्सेल आणि पॅनलचे मूळ किमान माप २५ पिक्सेल असते. तो स्वतःचे काहीच रंगवत नसल्याने दुभाजक पार्श्वभूमीत विरून जातो. सोपा उपाय असा : कंटेनरला गडद रंग द्यावा आणि दोन्ही पॅनलांना वेगळा फिकट रंग नेमून द्यावा, मधली पट्टी आपोआप उठून दिसते.

जीटीके व टीके : लिनक्सवरील जीटीकेमध्ये ‘पेन्ड’ या घटकाच्या ‘सेपरेटर’ला सीएसएसचे नियम लागतात आणि ‘वाइड हँडल’ हा गुणधर्म चालू केला की ठळक पट्टी मिळते. पायथनच्या टीकिंटरमधील ‘पेन्डविंडो’मध्ये सॅशची जाडी, तिचा उठाव आणि पकडीचा छोटा चौकोन दाखवण्याची सोय आहे.

मॅक : ‘एनएसस्प्लिटव्ह्यू’मध्ये बारीक, जाड आणि पॅनलदर्शक अशा तीन शैली आहेत. रेघ जेवढी रंगवली आहे त्याहून मोठा पकडपट्टा देण्यासाठी प्रतिनिधी वर्गात स्वतंत्र पद्धत आहे. दिसणारी आणि पकडण्याची जाडी वेगळी असते, हे तत्त्व तिच्यात अगदी स्पष्टपणे उतरले आहे.

वापरणाऱ्याच्या हाती सत्ता देण्याचे उदाहरण म्हणून व्हीएस कोडकडे पाहता येईल. सॅशचा पकडपट्टा मुळात ४ पिक्सेलचा असतो. सेटिंगमधून तो १ ते २० पर्यंत बदलता येतो. कर्सर वर आल्यानंतर छटा दिसेपर्यंतचा विलंब (मुळात ३०० मिलिसेकंद) आणि त्या छटेचा रंग हेही आपल्या सोयीने ठेवता येतात. ज्यांना हाताच्या थरथरीमुळे बारीक रेघ पकडता येत नाही, त्यांच्यासाठी ही एक सेटिंग दिवसभराची कटकट मिटवते.

डावे-उजवे की आरंभ-अखेर?

आता कुवेतच्या खास प्रश्नाकडे वळू. आपण मराठी माणसे डावीकडून उजवीकडे लिहितो. प्रणाली पुण्यात लिहिली जावो वा सालमियातल्या कार्यालयात, आपल्या डोक्यातली यादी डावीकडेच असते आणि म्हणून कोडमध्येही ‘डावे पॅनल’, ‘उजवे पॅनल’ अशी नावे सहज पडतात. अरबी मांडणीत यादी उजवीकडे जाते, तपशील डावीकडे येतो आणि ही नावे क्षणात खोटी होतात. ‘आरंभीचे पॅनल’ आणि ‘अखेरचे पॅनल’ अशी नावे दिली तर ती दोन्ही दिशांत खरी राहतात. हे केवळ नावापुरते नाही. पुढील चारही दोष त्या एका सवयीतून येतात.

पहिला दोष जागेच्या नोंदीचा. दुभाजक डाव्या कडेपासून २८० पिक्सेलवर आहे अशी नोंद ठेवली आणि वापरणाऱ्याने इंग्रजीवरून अरबीकडे भाषा बदलली, तर १२०० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत २८० पिक्सेलची यादी एकाएकी ९२० पिक्सेलची होते आणि तपशिलाला २८० उरतात. नोंद ‘आरंभीच्या पॅनलची रुंदी २८०’ अशी ठेवली तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा दोष माऊसच्या अक्षाचा. अरबी व हिब्रू विंडोज ९८ पासून आणि पुढे विंडोज २००० पासून खिडकी आरशाप्रमाणे उलटवण्याची सोय मिळाली. अशा खिडकीत आडव्या अक्षाचा उगम उजव्या कोपऱ्यात असतो आणि आकडे डावीकडे वाढत जातात. संपूर्ण पडद्याचे आकडे मात्र पूर्वीसारखेच डावीकडून मोजले जातात. ज्याने स्वतःचा दुभाजक हाताने रंगवला आणि ओढण्याचे गणित पडद्याच्या आकड्यांवर बेतले, त्याच्या प्रणालीत माऊस डावीकडे ओढला की रेघ उजवीकडे पळते. टूलकिटचा तयार दुभाजक वापरून फक्त त्याचे रूप बदलावे, वागणूक नव्याने लिहू नये, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

तिसरा दोष बाणांचा. पॅनल मिटवण्याचा बाण चित्र म्हणून ठेवला असेल तर तो मांडणीबरोबर आपोआप फिरेलच असे नाही. डब्ल्यूपीएफमध्ये खिडकीची दिशा उलटवली तरी चित्रे उलटत नाहीत आणि छायाचित्रांसाठी ते योग्यच आहे. पण बाणासाठी ते चूक ठरते : बाण यादीकडे रोखण्याऐवजी तपशिलाकडे रोखतो. दिशादर्शक चिन्हांसाठी दोन्ही रूपे तयार ठेवावीत.

चौथा दोष सरसकट उलटवण्याचा. सगळेच उलटवायचे नसते. अरबी मजकुरातही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहिल्या जातात. नकाशा उलटत नाही. प्रत्यक्ष यंत्रशाळेतील नळ, टाक्या आणि पंप यांची मांडणी दाखवणारी आकृती भाषेमुळे उलटू नये, कारण आवारातली टाकी भाषा बदलल्याने जागा बदलत नाही. पॅनलांचा क्रम उलटवावा; त्यातील प्रत्येक गोष्टीचा निर्णय वेगळा घ्यावा.

क्यूटी, डब्ल्यूपीएफ आणि जीटीकेमध्ये दिशेचा एकच गुणधर्म बदलून मूळ घटकांची मांडणी उलटवता येते. म्हणून चाचणीही स्वस्त आहे : अरबी येत नसले तरी दिशा उलटवून पंधरा मिनिटे प्रणाली वापरावी. वरील चारपैकी किमान एक दोष बहुधा सापडतोच.

किमान रुंदी कशावरून ठरवावी?

किमान माप अंदाजाने ठरवण्याची पद्धत आहे : ‘१५० पिक्सेल पुरेत.’ त्याऐवजी पॅनलमध्ये जे सर्वांत लांब आणि कापले जाऊन चालणारच नाही असे काय आहे, ते पाहावे.

कुवेतमधील उदाहरणे बोलकी आहेत. कुवेती दिनारचे १००० फिल्स होतात. म्हणून रकमा दशांशानंतर तीन अंकी लिहिल्या जातात. रुपये-पैशांच्या दोन अंकांवर बेतलेला रकान्याचा आकार येथे अपुरा पडतो. पॅनल आक्रसताना रकमेचा शेवटचा अंक झाकला गेला तर १२५.७५० आणि १२५.७५५ एकसारखे दिसतात. रकमेच्या आरंभीचा अंक झाकला गेला तर चूक हजारांत जाते. सिव्हिल आयडीचा क्रमांक १२ अंकी असतो. त्यातील एकही अंक दृष्टीआड होऊन चालत नाही. अरबी नावांत स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि कुळाचे नाव येते. आपल्याकडील नाव, वडिलांचे नाव, आडनाव या तीन शब्दांपेक्षा ते लांब असते आणि पहिले दोन शब्द सारखे असलेली माणसे एकाच यादीत सहज सापडतात. तिथे नाव अर्ध्यावर कापून तीन टिंबे देणे म्हणजे ओळख पुसणे होय. रुग्णालयाच्या किंवा पगारपत्रकाच्या पडद्यावर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

उभ्या दिशेचा प्रश्न देवनागरीला अधिक जाचतो. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, जोडाक्षरांचे पाय. रोमन अक्षरांवर बेतलेल्या उंचीच्या पट्टीत ‘र्कीं’सारख्या अक्षराचा माथा किंवा ‘द्धृ’सारख्याचा पाय छाटला जातो. पॅनलच्या मथळ्याची उंची पिक्सेलमध्ये ठोकून न बसवता ती अक्षरसंचाच्या मापावरून काढावी. अरबीतही वर-खाली खुणा असतात, त्यामुळे हा उपाय दोन्ही लिपींना पुरतो. पडद्याचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर ही खबरदारी अधिकच लागते.

मोकळीक कुठे थांबवावी?

ज्याला त्याला आपापल्या सोयीने पॅनल मांडता यावेत, हे तत्त्व कार्यालयीन प्रणालींत योग्य आहे. पण मिना अल-अहमदी, मिना अब्दुल्ला, अल-झूर अशी शुद्धीकरण केंद्रे असलेल्या देशात त्या तत्त्वाची मर्यादाही सांगायला हवी. नियंत्रण कक्षातील पडदा एकाचा नसतो. पाळी बदलते, माणूस बदलतो, पडदा तोच राहतो. रात्रपाळीच्या माणसाने नकाशा मोठा दिसावा म्हणून धोक्याच्या सूचनांचे पॅनल दोन ओळींवर आणले, तर सकाळी येणाऱ्याला ते तसेच मिळते. सूचना येतच असतात; दिसत नाहीत एवढेच.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको शुद्धीकरण केंद्रात स्फोट झाला. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, स्फोटापूर्वीच्या अखेरच्या सुमारे ११ मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ सूचना आल्या. सूचना फार, त्यांना नीट प्राधान्यक्रम नाही आणि पडद्यांची मांडणी एकूण चित्र समजून घेण्यास साहाय्यक नाही, असे निष्कर्ष त्यात होते. तो अपघात दुभाजकामुळे झाला नव्हता. त्याची कारणे अनेक होती. पण संकटाच्या घटकेला पडद्यावर नेमके काय आणि किती दिसते याची किंमत त्याने दाखवून दिली. पुढे २०१५ मध्ये औद्योगिक पडद्यांच्या रचनेसाठी आयएसए-१०१ हे मानक आले.

अशा प्रणालींत तीन नियम पाळावेत. धोक्याच्या सूचनांचे पॅनल मिटता येऊ नये. त्याची किमान उंची, ठरलेल्या संख्येच्या ओळी नेहमी दिसतील इतकी असावी. आणि पाळी बदलून नवा चालक आत आला की मांडणी मूळपदावर यावी. ज्या दुभाजकाला हलू द्यायचे नाही त्याचे रूपही तसेच असावे : ठिपके नकोत, कर्सर बदलायला नको, साधी मंद रेघ पुरे. हलणारी आणि न हलणारी रेघ सारखीच दिसली तर चालक दोन्हींवर विश्वास ठेवणे सोडतो.

कळफलक आणि दृष्टी

माऊसशिवायही दुभाजक हलवता आला पाहिजे. स्विंग आणि जीटीकेमध्ये एफ-८ कळ दाबली की रोख दुभाजकावर जातो आणि बाणांच्या कळींनी तो सरकतो. आपण घडवलेल्या नव्या रूपात रोख आल्याची खूण काढून टाकली तर ही सोय असूनही नसल्यासारखी होते. ‘दिसायला बरे नाही’ म्हणून रोखाची चौकट पुसणे ही या कामातील फार सामान्य आणि फार नुकसानकारक सवय आहे.

वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार डेस्कटॉपसाठीही घेता येतो. २०१८ मधील २.१ आवृत्तीनुसार, वापरासाठी आवश्यक असलेल्या चिन्हांचा व घटकांचा रंग शेजारच्या रंगापासून किमान ३:१ प्रमाणात वेगळा उठून दिसला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मधील २.२ आवृत्तीने दोन अटी जोडल्या : टिचकीचे लक्ष्य साधारणपणे किमान २४ बाय २४ पिक्सेलचे असावे किंवा त्याभोवती तेवढी मोकळी जागा असावी, आणि जे ओढून करता येते ते न ओढताही, साध्या टिचकीने, करता यावे. दुभाजकाच्या बाबतीत याचा सोपा अर्थ असा की मिटवण्या-उघडण्याचे बटण द्यावे आणि मेनूमध्ये ‘अरुंद, मध्यम, रुंद’ असे पर्याय ठेवावेत. गडद रूप निवडल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर करड्या रेघेचे काय होते, तेही याच मोजपट्टीने तपासावे.

स्मृती आणि परतीची वाट

माणूस आपले पॅनल एकदा जुळवतो आणि ते तसेच राहतील असे गृहीत धरतो. क्यूटीमध्ये स्थिती साठवून परत आणण्याच्या तयार पद्धती आहेत. मॅकवर दुभाजकाला नाव दिले की नोंद आपोआप राहते. इतरत्र ती सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतः ठेवावी लागते. मात्र साठवलेली नोंद आंधळेपणाने लागू करू नये. कार्यालयातील मोठ्या पडद्यावर ९०० पिक्सेलवर ठेवलेला दुभाजक घरच्या लॅपटॉपवर तपशिलाचे पॅनल खिडकीबाहेर ढकलू शकतो. लागू करण्याआधी खिडकीचे माप पाहावे आणि दोन्ही पॅनलांची किमान मापे पाळली जातात याची खात्री करावी.

परतीची वाट तर हवीच. दुभाजकावर दोनदा टिचकी मारली की मूळ जागा, आणि मेनूमध्ये ‘मांडणी पूर्ववत करा’ हा पर्याय. मदत मागणाऱ्या दूरध्वनींत ‘माझी यादी नाहीशी झाली’ ही तक्रार नेहमीची असते. बहुधा यादी जागेवरच असते; ती शून्य रुंदीची झालेली असते आणि तिला परत ओढण्याची रेघ खिडकीच्या कडेला चिकटून दिसेनाशी झालेली असते. मिटलेल्या पॅनलच्या जागी निदान आठ-दहा पिक्सेलची, बाण असलेली पट्टी मागे ठेवावी.

हाती देण्यापूर्वी

प्रणाली ग्राहकाच्या हाती सोपवण्याआधी पुढील गोष्टी एकदा करून पाहाव्यात. दुभाजक न शोधता सापडतो काय? पहिल्या प्रयत्नात पकडता येतो काय? भाषा अरबी करून खिडकी बंद केली आणि पुन्हा उघडली, तर यादीची रुंदी तीच राहते काय? बाण योग्य पॅनलकडे रोखतो काय? पॅनल पूर्ण आक्रसल्यावर तीन दशांशांची रक्कम आणि १२ अंकी क्रमांक अखंड दिसतो काय? माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकावर रेघ हलते काय? आणि सारे बिघडवून ठेवल्यावर एका टिचकीत मूळपदावर येता येते काय?

शाळेच्या वहीत समासाची रेघ आधी आखलेली असे आणि ती हलत नसे. पडद्यावरची रेघ हलते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंच्या मजकुराची जबाबदारी ती घडवणाऱ्यावर येते. फरवानियातल्या दुकानाचा हिशेबनीस असो वा अहमदीतला पाळीवरचा चालक, आपल्यापासून काही झाकले तर गेले नाही ना, ही शंका त्याला पडू नये, इतके त्या रेघेने केले तरी पुरे.